तानपुरा का तुटतो?

साताऱ्याहून सांगलीला रेल्वेने आलो. कानात हाय-रेझोल्यूशनमधला ख्याल, फोनला छोटा डॅक (डिजिटल आवाज ॲनालॉग करणारे यंत्र) जोडलेला. विलंबित संपून द्रुत सुरू होतानाच तानपुरा क्षणभर तुटला आणि जीव चरफडला. सिनेगीतांत अशी फट कळतही नाही. अखंड मैफिलीत मात्र ती दाताखाली खडा यावा तशी टोचते.

एमपी३ फाइल बनतानाच आरंभी आणि शेवटी थोडी शांतता चिकटते, फ्लॅकमध्ये ती नसते. माझा ख्याल फ्लॅकमध्येच होता, मग इथे काय? स्ट्रीमिंग ॲपचा दर्जा ‘ऑटो’वर होता. रेंज पडली की एक ट्रॅक ४४.१ किलोहर्ट्झचा, पुढचा ९६ चा. हा सॅम्पलिंगचा दर बदलताना डॅक अडखळे. कराडला गाडी थांबली तेव्हा सगळा अल्बम एकाच दर्जात डाउनलोड केला. तानपुरा सलग झाला!

सांगलीशेजारच्या मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांत राग उभा करत. तिथे तुटण्याइतकी सवडच नव्हती म्हणा.

जाता जाता एक: क्रॉसफेडने फट झाकायला जाऊ नका. त्यात मागच्या ट्रॅकचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीवर चढतो आणि समेचा विचका होतो. ते बटण बंदच ठेवा.