जोतं किती उंच?

संपादकांनी सांगितलंय, 'आकडे टाळा, सोपं लिहा.' मी व्यवसायोपचार तज्ज्ञ. नोकऱ्या लावून देते असा अनेकांचा समज असला तरी माझं निम्मं काम मोजपट्टीचं. त्यामुळे आकडे येणारच.

कर्नाटकातल्या मन्नाएखेळ्ळीजवळच्या गावातलं एक घर डोक्यातून जात नाही. कमरेखाली लुळा पडलेला तरुण, अपंगांच्या कोट्यातून मिळालेलं घरकुल. जोतं दोन फूट, तीन पायऱ्या. दार अडीच फुटी. चाकाची खुर्ची जेमतेम जाते, बोटं चौकटीला खरचटतात. शौचालय अंगणाच्या कोपऱ्यात, तीन बाय चार, दार आत उघडणारं. साठीपुढची आई त्याला काखेत धरून नेते. "घर मिळालंय की, अक्का, अजून काय मागायचं?" म्हणाली.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 37 घरकुलांत 5 टक्के आरक्षण देतं. घर कुणाला, ते ठरलं. कसलं, ते नाही. बांधकामाचे हप्ते पाया, लिंटल, छताच्या फोटोंवर सुटतात. त्या फोटोत दाराची रुंदी कोण बघतो?

आता रॅम्प. यावर मी भांडतेच. उतार एकास बारा हवा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस, शिवाय थांबायला सपाट जागा. वीस बाय तीसच्या प्लॉटवर ते कुठून आणणार? मग मिस्त्री सहा फुटांत घसरगुंडी बांधतो, वर शहाबादी फरशी टाकतो, पावसात तीही निसरडी. कागदावर मात्र 'रॅम्प आहे'. इंजिनिअर म्हणतात, काळ्या रानात पाणी तुंबतं, जोतं उंच हवं. खरंय. म्हणूनच अशा माणसाला उंचवट्यावरचा प्लॉट द्या, जोतं फुटावर आणा, अंगणात भराव घालून उतार करा. पाया खणण्याआधी ठरलं तर काम थोडक्यात भागतं. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर घरं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची ठरली, ती जमिनीच्या मालकीवरून. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, यावरून नव्हे. ही जुनी खोड आहे.

मानसिक आजाराचं दुखणं पायरीत नसतं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देतं. पण अशा आजारी बाईला गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत एकटीला घर दिलं, तर गोळ्यांची आठवण कोण करणार? जुन्या गावात बहीण दोन घरं सोडून राहत असली तर तोच तिचा आधार. तिनं नव्या घराला कुलूप लावून बहिणीचं दार गाठलं की लोक म्हणतात, "फुकटचं घर मिळालं, तरी राहत नाही." असं ऐकलं की मी थकते.

कर्नाटकात ग्रामपंचायतीकडे अपंगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो. तुमच्या गावात कुणाचं घरकुल मंजूर झालं, तर चुन्यानं पाया आखताना या कार्यकर्त्याला बोलवा. दार तीन फुटी, जोतं फूटभर, शौचालय घराला लागून आणि त्याचं दार बाहेर उघडणारं, एवढं त्याच दिवशी मिस्त्रीकडून कबूल करून घ्या.