निरोप आणि विराम

परीक्षेच्या दालनात प्रश्नपत्रिका हाती पडली की छाती धडधडू लागते. पहिला प्रश्न ओळखीचा निघाला की ती हळूहळू शांतही होते. छाती का धडधडली, हे आपण एकमेकांना हौसेने सांगतो. ती शांत का झाली, याचा विचार क्वचितच कोणी करतो. शरीरशास्त्राची पुस्तके चाळताना मला या दुसऱ्या प्रश्नाचेच नवल अधिक वाटू लागले.

भीती वाटताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि हृदयापर्यंत जाते. पण हृदयाच्या पेशीत त्याला प्रवेश नाही. पेशीच्या आवरणात एक प्रथिन असते. त्याचा धागा शिवणीच्या दोऱ्याप्रमाणे त्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो. यास ग्राही म्हणतात. ॲड्रेनॅलिन बाहेरून येऊन त्यात बसले, की ग्राहीचा आतला भाग किंचित सरकतो आणि तेथील जी-प्रथिनाला जागे करतो. ते आपल्याजवळचा जीडीपी नावाचा रेणू टाकून जीटीपी हा रेणू उचलते व पुढच्या विकरास चालना देते. ते विकर सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भराभर घडवू लागते आणि हृदयाची गती वाढते. पाहुणा ओटीवरच असतो. त्याचा निरोप मात्र माजघरात पोहोचलेला असतो.

ही साखळी उलगडण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. सायक्लिक एएमपीचा शोध लावणारे अर्ल सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जी-प्रथिनांबद्दल मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ मध्ये. आणि ग्राहींच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये. मनुष्याच्या शरीरात अशा ग्राहींचे सुमारे ८०० प्रकार आहेत. प्रकाश पाहणे आणि गंध ओळखणे त्यांच्याच साहाय्याने घडते, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश औषधे त्यांच्यावरच काम करतात.

मला विशेष वाटते ते हे की, निरोप पोहोचविण्याइतकीच तो थांबविण्याचीही चोख व्यवस्था येथे आहे. जी-प्रथिन हाती धरलेला जीटीपी स्वतःच तोडते आणि पुन्हा निजते. सायक्लिक एएमपीचा नाश करणारे निराळे विकर आहे. एखाद्या ग्राहीला सारखी हाक येऊ लागली, तर अरेस्टिन नावाचे प्रथिन त्याला चिकटून त्याचे काम बंद पाडते.

हा विराम नाहीसा झाला तर काय अनर्थ ओढवतो, हे पटकीच्या रोगात दिसते. पटकीचा जंतू आतड्यातच राहतो. पण त्याचे विष आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरते आणि जी-प्रथिनात असा बदल करते, की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. हाक कोणी मारलेली नसते, तरी आत हुकूम चालूच राहतो. सायक्लिक एएमपी साठत जाते, क्षार आतड्यात ओतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर पडू शकते. हा सारा प्रताप जंतूंनी सोडलेल्या विषाचा आहे, हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. जंतू गाळून काढलेले द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात घातले, तरीही आतडे पाण्याने फुगले.

माझी आजी तिच्या लहानपणीच्या साथीविषयी फार थोडे बोलते. धाकटा भाऊ सकाळी अंगणात खेळत होता आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो घरात नव्हता, एवढेच ती सांगते. तो पाणी मागत होता. पण रोग्यास पाणी देऊ नये, अशी तेव्हा गावातील समजूत होती. हे ऐकल्यापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. पटकीचे विष एक दार उघडे पाडते, परंतु शेजारचे दुसरे दार शाबूत असते. त्या दारातून साखर व मीठ जोडीने पेशीत शिरतात आणि पाण्यालाही आत ओढून नेतात. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी रोग्यांना साखर-मिठाचे पाणी पाजले, तेव्हा तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते ४ हूनही खाली आले. आजीच्या माहेरी मीठ होते, डब्यात साखर होती, आडाला पाणी होते. ज्ञान तेवढे अजून वाटेत होते.

म्हणूनच, रेणूंच्या हालचाली तपासत बसलेल्या संशोधकांना कोणी ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले की मला त्या मुलाची आठवण होते. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ: जुलाब सुरू होताच हे पाजावे, आणि रोग्यास दवाखान्यात न्यावे. पेशी आपले निरोप न चुकता पोहोचवितात. हा निरोप घरोघरी पोहोचविण्याचे काम मात्र आपले, शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींचे आहे.