सायबिणीचा नवस

शेजारच्या वहिनींनी मालवणात बाप्तिस्मा घेतला, त्याच पावसाळ्यात त्यांचा मुलगा तापाने फणफणला. "सायबिणीक सोन्याची नथ बोललंय," त्या म्हणाल्या.

यात नवल कसले? म्हापशाची मिलाग्र सायबीण शिरगावच्या लईराईची बहीण, असे गोव्यात हिंदू-ख्रिस्ती दोघेही मानतात. मी मात्र धर्म शिकवू लागले: मरिया देवी नव्हे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा तिने ते फक्त मुलाच्या कानावर घातले. मध्यस्थ एकच, ख्रिस्त. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेनेही हेच सांगितले.

"मगे बाय, माझ्या झिलाचा नाव तरी तिच्या कानार घाल."

रात्री जपमाळ घेतली आणि आठवले, लेकाच्या परीक्षेसाठी मीही तिला मेणबत्त्या बोलले होते.