कोळसा जिवंत का नाही?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका खेड्यातील विद्यालयाचा मुख्याध्यापक होतो. एके दिवशी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्यांचा तास मी घेतला. मी मराठीचा माणूस. पुस्तकातील पाठ वाचून दाखवू लागलो. मनुष्याच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १० आणि नायट्रोजन ३ टक्के असतो, असे त्यात होते. इतक्यात मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, कार्बन कोळशातही आहे आणि माझ्यातही आहे. मग कोळसा जिवंत का नाही?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते, परंतु ते कबूल न करता मी दरडावले, "आगाऊपणा पुरे, खाली बैस!" तो निमूटपणे बसला. पुढे माझ्या तासाला त्याने कधीही प्रश्न विचारला नाही.

सेवानिवृत्तीनंतर तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी पुस्तके मिळवून वाचू लागलो. सजीवांच्या शरीरातील पदार्थ प्रयोगशाळेत घडविता येणार नाहीत, अशी एके काळी विद्वानांचीही समजूत होती. १८२८ साली फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रात आढळणारा युरिया प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजुतीला धक्का बसला. सजीवांची मूलद्रव्ये निराळी नाहीत. निराळी आहे ती त्यांची रचना. तांदळातील स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज या दोन्ही ग्लुकोजच्याच रेणूंच्या माळा. केवळ ओवण्याची रीत वेगळी. आपले पाचकरस पहिली गुंफण सोडवितात, दुसरी त्यांना सुटत नाही. म्हणून तांदूळ आपण खातो आणि कापसाची वस्त्रे विणतो. 'नदी' आणि 'दीन' या शब्दांत अक्षरे तीच, क्रम मात्र निराळा. हे तर मी जन्मभर शिकवीत आलो होतो!

पण केवळ रचना पुरेशी नाही. जिवंत पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवून आपली रचना अखंड मोडीत, घडवीत आणि दुरुस्त करीत असते. कोळशातील कार्बनही कोट्यवधी वर्षांपूर्वी वनस्पतींच्या देहात होता. त्या वनस्पती मेल्या, हे काम थांबले. म्हणून कोळसा जिवंत नाही.

हे उत्तर त्या दिवशी मला येत नव्हते, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. "मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू," एवढे तरी मी म्हणायला हवे होते. तो मुलगा आज कोठे आहे, मला माहीत नाही. मुलांनो, तुम्हांला कोणी खाली बसविले, तर खुशाल बसा. परंतु मनातला प्रश्न मात्र उभाच असू द्या.