नराचा वेल राखावा

शहापूर-मुरबाडकडे परसात कंटोळी लावायची तर जागा भर पावसात हेरावी. पाणी तुंबलं की कंद कुजतो, म्हणून भातखाचराच्या कडेला तो टिकत नाही. घरामागचा मुरमाड उतार किंवा निगडीच्या कुंपणाचं बूड त्याला मानवतं. पावसाळा सरला की वेल वाळून नाहीसा होतो. उन्हाळाभर तिथे कुदळ चालवू नये, एवढंच सांभाळायचं. मृगाच्या सरी पडल्या की कंद आपणहून फुटतो आणि निगडीवर चढतो.

बियांपासूनही वेल होतो, पण बी टणक, रुजायला वेळ घेणारं. शिवाय वेल नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. कंटोळीत दोन्ही फुलं वेगळ्या वेलांवर धरतात. संध्याकाळी पिवळी फुलं उमलली की वाकून पाहावं. पाकळ्यांखाली बारीक काटेरी गोळी असेल तर मादी. नुसता देठ आणि कळीला टोपीसारखं हिरवं पान असेल तर नर.

नराला फळ धरत नाही म्हणून लोक त्याला वांझ म्हणून उपटून टाकतात. मला हे पाहवत नाही. मग मादी वेल फुलांनी भरतो आणि गोळ्या पिवळ्या पडून गळतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, पण तो एक हवाच. झड लागली की पाखरं फिरत नाहीत, तेव्हा मी नराचं फूल खुडून मादीच्या फुलावर अलगद टेकवते.

लागवडीसाठी डोंगरातला कंद मात्र खणू नये. फळं तोडली तरी वेल पुढच्या पावसात येतो, कंद नेला की ती जागा संपली. आणि टोकावडे, किन्हवलीच्या रस्त्याला ठाकर-कातकरी बाया जे वाटे लावतात, ते त्याच वेलांचे. ज्यांच्या परसात जुना वेल आहे, त्यांच्याकडून कोंब असलेला कंदाचा तुकडा मागावा.

फळ कोवळं असतानाच तोडावं. बी करकरीत झालं असेल तरच काढावं, कोवळं असेल तर राहू द्यावं, त्यातच चव आहे. तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची, मग पातळ चकत्या. पाणी घालायचं नाही, झाकणावर ठेवायचं. ओलं खोबरं शेवटी. श्रावण संपला की आमच्याकडे यात सुका जवळाही पडतो. सोबत भाकरी तांदळाची.