आत विचारून सांगतो

मुंबईला जाऊन काय पाहायचे, यावरून आमच्या घरात कधी वाद होत नाही. राणीच्या बागेतले पेंग्विन आणि सायंकाळच्या गाडीआधी थोडा समुद्र, एवढे ठरलेलेच असते. वाद होतो तो जेवायचे कोठे यावरून. चार घरी हा वाद रुचीचा असतो. एकाला मिसळ हवी असते, दुसऱ्याला मासे. आमच्याकडे तो गव्हाचा आहे.

आमच्या धाकटीला, वय वर्षे दहा, सीलिॲक नावाचा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असते. ते पोटात गेले की तिचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे अस्तर झिजू लागते. याला गोळी नाही, काढा नाही. गहू जन्मभर वर्ज्य, हेच औषध. गव्हाचा हा अपराध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

“मग त्यात काय एवढे? आपण भाकरीची माणसे!” असे आमचे शेजारी म्हणतात, आणि ते खरेही आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा. गव्हावाचून मराठी स्वयंपाकघर अडून बसणारे नव्हे. परंतु गहू हा मोठा चिकट पाहुणा आहे. बोलावले नाही तरी येतो. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की तिच्या पिठातून येतो. थालीपिठाच्या भाजणीत तो असतो, तळलेल्या सुरमईवर रव्याचे रूप घेऊन बसतो. भजी बेसनाची खरी, पण त्याच कढईत आधी समोसे तळलेले असतात. आणि हिंग! बाजारातला बांधणी हिंग पुष्कळदा मैदा घालूनच केलेला असतो. म्हणजे साध्या वरणाची फोडणीसुद्धा संशयित आरोपी.

पाकिटाचे एक बरे असते. त्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. हॉटेलातल्या ताटाला वेष्टन नसते. तेथे माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते.

या सर्वाहून मोठी चिंता निराळीच होती. गेल्या वर्षी एका मुंजीच्या पंगतीत धाकटी मांडीवर स्वतःचा डबा घेऊन बसली होती. येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारी, “अगं, एक पुरी खा, एकीने काय होते?” त्यानंतर तिने एक युक्ती शोधली. बाहेर कोठेही गेलो की ती म्हणे, “मला भूकच नाही.” प्रश्न नको, आग्रह नको आणि कीव तर मुळीच नको. दहा वर्षांच्या मुलीने भूक लपवायला शिकावे, हे मला तिच्या पोटदुखीपेक्षा अधिक दुखले.

म्हणून या खेपेला आदल्या दिवशी आमच्या सौभाग्यवती वही घेऊन टेलिफोनपाशी बसल्या. पहिल्या हॉटेलाने सांगितले, “बाई, आमच्याकडे सगळे शुद्ध शाकाहारी आहे, निश्चिंत या.” गहू मांसाहारी आहे असे कोणी म्हटले नव्हते, पण असो. दुसऱ्याने उदारपणे विचारले, “थोडासा मैदा चालेल ना?” तिसरा टेलिफोन माटुंग्याच्या एका उडुपी हॉटेलात वाजला. कोणी वयस्कर गृहस्थ असावेत. प्रश्न ऐकून म्हणाले, “थांबा हं, आत विचारून सांगतो.”

ते पाच मिनिटांनी परत आले. “इडली तांदूळ-उडदाचीच आहे, तिचे साचे निराळे आहेत. डोसा मात्र देऊ नका, त्याच तव्यावर रवा डोसा होतो. सांबारात बांधणी हिंग आहे, तेही नको. चटणी फोडणीआधी बाजूला काढून ठेवतो. किती वाजता येता? गर्दीच्या आधी आलात तर मला स्वतः लक्ष देता येईल.”

सौभाग्यवतींनी वहीत त्या हॉटेलाखाली दोन रेघा ओढल्या. मला गंमत वाटली. ज्यांनी सर्व काही खा म्हटले त्यांच्यावर फुली, आणि ज्यांनी निम्मे पदार्थ नाकारले त्यांच्यावर विश्वास! पण विचार करता हिशेब बरोबर होता. ‘नाही’ म्हणण्यासाठी त्या गृहस्थांना उठून आत जावे लागले होते.

डेक्कन क्वीनमध्ये कटलेट आणि टोस्टच्या वासातून धाकटी राजगिऱ्याच्या वडीवर निभावली. दादरला उतरून आम्ही थेट माटुंगा गाठले. पोऱ्या टेबलाशी आला तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, “काका, इडली. चटणीला फोडणी नको, आणि चमचा धुतलेला द्या हं.” गल्ल्यावरच्या गृहस्थांनी तेथूनच मान डोलावली. दुसरी प्लेट आली, तिसरी आली. त्यानंतर पेंग्विनांपुढे ती एक तास उभी होती, आणि रात्री पुण्याला पोचेपर्यंत पोट दुखल्याची तक्रार नव्हती.

आता दिवाळी आली आहे. फराळाच्या ताटात शंकरपाळे असतील, करंज्या असतील. अनारसे तांदळाचे आणि लाडू बेसनाचे, म्हणून तिचीही सोय आहे; पण चिवड्यातल्या हिंगाचे काय? वाचकहो, तुमच्या दारी असे एखादे मूल आले तर “एकाने काय होते?” असा आग्रह कृपा करून करू नका. “थांब हं, हिंगाची डबी बघून सांगते,” एवढे म्हणून आत जा. डबी पाहून नाही म्हणावे लागले तरी चालेल. त्या मुलाला आपली भूक लपवावी लागणार नाही.