सीए व्हायचंय? आधी दिवसाचे तास मोजा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, सायन्स की कॉमर्स? आमच्याकडे हा प्रश्न पाच मिनिटांत मिटला. लेक म्हणाली, "आई, मला सीए व्हायचंय." खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली. विषय कोणते घ्यायचे आणि कॉलेज कोणतं? तुमच्याही घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आम्ही काय काय तपासलं ते वाचा. कदाचित उपयोग होईल.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. यजमानांची नोकरी हूटगळ्ळीच्या कारखान्यात, म्हणून राहतो येलवालला, मैसूर-हुणसूर रस्त्यावर. जुन्या मंडळींना हे नाव आठवत असेल. १९५७ साली विनोबांच्या ग्रामदान चळवळीची मोठी परिषद इथेच भरली होती आणि पंडित नेहरूही तिला आले होते. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी, असा आमच्या लेकीचा दिवस असतो.

पहिला प्रश्न विषयांचा. कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. त्यात दोन भाषा आणि चार मुख्य विषय असतात. कॉमर्सला अर्थशास्त्र, बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी हे तीन ठरलेले. चौथा आपण निवडायचा. इतिहास घेतला तर 'हेबा', स्टॅटिस्टिक्स म्हणजे संख्याशास्त्र घेतलं तर 'सेबा'. कॉम्प्युटर किंवा बेसिक मॅथ्सचाही पर्याय काही कॉलेजांत मिळतो. शेजारपाजारचा सल्ला होता, "इतिहास घ्या, मार्क चांगले पडतात."

आम्ही उलट बाजूने पाहिलं. सीएची पहिली परीक्षा म्हणजे फाउंडेशन. तिच्यात प्रत्येकी शंभर मार्कांचे चार पेपर असतात: अकाउंटिंग, बिझनेस लॉज, क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स. यातल्या तिसऱ्या पेपरात गणित ४० मार्कांचं, लॉजिकल रीझनिंग २० आणि संख्याशास्त्र ४० मार्कांचं. शेवटचे दोन पेपर पर्याय निवडायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. म्हणजे अकाउंटमध्ये ऐंशी मिळवले आणि गणिताच्या पेपरात पस्तीसवर अडकलं, तरी सगळा निकाल नापास! हे कळल्यावर लेकीने स्वतःच 'सेबा' निवडलं. बोर्डासाठी केलेला अभ्यास तिला फाउंडेशनलाही उपयोगी पडणार होता.

आता कॉलेज. बेंगळुरूच्या एका मोठ्या कॉलेजात पीयूसी आणि सीएचे क्लास एकाच छताखाली होते. फी, हॉस्टेल आणि जेवण मिळून हिशोब मांडला, तेव्हा यजमान बराच वेळ गप्प बसले. आमची बहुतेक शिल्लक दोन वर्षांतच संपली असती. पण सीएचा रस्ता दोन वर्षांत संपत नाही. फाउंडेशननंतर इंटरमीजिएट, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, मग फायनल. आर्टिकलशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, पण तो बेताचा. पैशांची खरी गरज तेव्हा लागते, आणि एखादी परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर आणखीच.

मैसूरमधली तीन कॉलेजं पाहिली. तिथे निकालाच्या टक्क्यांपेक्षा आम्ही चार गोष्टी विचारल्या. तास किती वाजता सुटतात? अकाउंट शिकवणारे सर किंवा मॅडम कायमचे आहेत का? स्टॅटिस्टिक्सला वेगळे शिक्षक आहेत का? आणि घरी परतायला किती वाजतील? जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात बायका-मुलींना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. त्यामुळे बसचा खर्च नव्हता, पण वेळ तर जाणारच. जाऊन-येऊन दीड-दोन तास. शहराच्या पलीकडचं नावाजलेलं कॉलेज घेतलं असतं तर तीन तास गेले असते. रोजचा एक तास म्हणजे वर्षाला कितीतरी तास! आम्ही दुपारी लवकर सुटणारं, हुणसूर रस्त्याकडून जवळ पडणारं साधं कॉलेज निवडलं.

"क्लासचं काय?" असं तुम्ही विचाराल. सीए संस्थेचं अभ्यास साहित्य तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. संस्थेचे ऑनलाइन लाइव्ह क्लासही फुकट असतात. आधी ते करून पाहायचं आणि जिथे अडेल त्याच विषयाचा क्लास लावायचा, असं ठरलं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच लिहावा लागतो. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांनी कायद्याची उत्तरं पहिल्या दिवसापासून लिहून काढायची सवय लावावी. नुसतं वाचून ती भाषा हातात बसत नाही.

पुढच्या टप्प्याचा धडा आम्हाला निपाणीच्या पुतण्याकडून मिळाला. इंटरमीजिएटला तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. ते एकेक करून देता येतात किंवा एकदम. त्याने पहिला ग्रुप एकटा दिला. अकाउंटला ६३ पडले आणि टॅक्सेशनला ३८. ग्रुप गेला. पण तीनही पेपर दिले असल्यामुळे साठच्या वर मार्क पडलेल्या पेपरातून पुढच्या तीन वेळांपुरती सूट मिळाली. "काकू, दोन मार्कांनी चार महिने गेले," तो म्हणाला, "पण अकाउंट सुटलं, हे काय कमी?"

दोन्ही ग्रुप एकदम देण्याचा एक फायदाही त्यानेच सांगितला. समजा, प्रत्येक पेपरात चाळिसाच्या वर मार्क आहेत. पहिल्या ग्रुपमध्ये १४० आणि दुसऱ्यात १६५ पडले. एकट्याने दिला असता तर पहिला ग्रुप गेला असता. पण दोन्हींची बेरीज ३०५, म्हणजे सहाशेच्या निम्म्याहून जास्त, म्हणून दोन्ही पास. ज्याला पूर्ण दिवस अभ्यासाला मिळतो, त्याने दोन्हींचा विचार करावा. ज्याला कॉलेज आणि घरकाम सांभाळायचं आहे, त्याने एक ग्रुप घेतला तर कमीपणा नाही. आणि एकच घ्यायचा असेल तर अकाउंट ज्यात आहे तो पहिला ग्रुप आधी द्यावा, कारण त्याचा आधार पुढे फायनललाही लागतो.

पदवीचंही आधीच बोलून ठेवा. आर्टिकलशिप दिवसभराची असते, त्यामुळे कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेवर येऊन चालत नाही आणि दुसरा कोर्स करायचा तर संस्थेची परवानगी लागते. म्हणून बरीच मुलं बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून करतात. कर्नाटकाचं राज्य मुक्त विद्यापीठ मैसूरमध्येच आहे, ही आमची सोयच झाली.

सध्या लेक दुसऱ्या पीयूसीला आहे. फाउंडेशनची नोंदणी परीक्षेच्या किमान चार महिने आधी व्हावी लागते, म्हणून मेची परीक्षा धरून तिचा फॉर्म आम्ही डिसेंबरातच भरला. पास होईल की नाही, हे कुणी सांगावं? २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. नाही झाली तर सप्टेंबर आहे आणि त्यासाठी लागणारे पैसे अजून बँकेत आहेत, एवढं मात्र मी तिला ठामपणे सांगू शकते. कॉलेज निवडताना तुम्हीही तुमच्या मुलांसाठी एवढी जागा राखून ठेवा.